लेकीला गहू बंद सांगितलाय: गिरणी, काटवट आणि शाळेचा डबा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सात वर्षांची, वजन वाढत नव्हतं, पोट फुगायचं, रक्त कमी. तपासणीत सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, आणि डॉक्टरांनी गहू कायमचा बंद सांगितला. घर परभणीजवळच्या गावात, खाणारी माणसं सात, त्यात चार वर्षांचा धाकटा मुलगा. पोळी बंद करून दोन महिने झाले, तरी तिचं पोट अधूनमधून दुखतंच. आता तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा की सगळ्या घराचा गहू बंद करायचा, आणि डब्यात रोज काय द्यायचं?

तुम्ही विचारलंय ते स्वयंपाकाबद्दल, पण माझ्या मते अडचण स्वयंपाकात कमी आणि पिठात जास्त आहे. पंजाबातल्या आईला गहू सोडा म्हटलं तर पायाखालची जमीन सरकते. आपल्याकडे चूल पेटली की पहिली भाकरीच पडते. काय खायचं हे मराठवाड्याला नव्याने शिकवावं लागत नाही. मात्र तीच ज्वारी गव्हाच्या गिरणीतून दळून येते, गव्हाच्या चाळणीतून चाळली जाते आणि पोळ्यांच्या दुरडीत झाकून ठेवली जाते. दोन महिन्यांनीही पोट दुखतंय म्हटल्यावर मी आधी तिथे शोधेन.

त्याआधी तपासणीबद्दल एक गोष्ट, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची गफलत होऊ नये. सिलिॲक ओळखायची रक्तातली टीटीजी तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेणं, हे सगळं गहू चालू असतानाच व्हावं लागतं. आधी गहू सोडला की आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. तुमचं निदान पक्कं झालेलं असेल तर प्रश्न नाही. काही तपासणी राहिली असेल तर मनाने पुन्हा पोळी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे, त्याचे नियमही वेगळे. मी पुढे लिहितोय ते सिलिॲकसाठी.

बंद काय, तर गहू, जव आणि राय. राय आपल्याकडे नसल्यातच जमा, आणि फोडणीतली राई म्हणजे मोहरी, तिचा याच्याशी संबंध नाही. घोटाळा होतो तो जवात. जव बंद, पण जवस चालतो, त्याची चटणी खुशाल द्या, आणि जवारी तर हवीच. सातूचं पीठ बंद, ते जवाचं असो की गव्हाचं. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून विकला जातो, पण तो गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई ही सगळी गव्हाचीच लेकरं. ओट्स मुळात वेगळं धान्य असलं तरी बाजारातल्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असतात, म्हणून पहिलं वर्ष तरी नको. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा आणि सगळ्या डाळी चालतात. हिवाळ्यात शेतात हुरडा पोटभर खाऊ द्या, पण गव्हाच्या ओंब्या भाजायला घेतल्या की तिला बाजूला घ्या.

आता प्रमाण किती बारीक आहे ते बघा, म्हणजे सासूबाईंनाही समजावता येईल. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर, 10 ग्रॅम, गव्हाचं पीठ मिसळलं तर ते मर्यादेच्या पन्नासपट झालं. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन 4 मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत पाच दाणे निघाले की मर्यादा गाठली. ‘एक घास खाल्ला तर काय होतंय’ याचं उत्तर या हिशोबात आहे. त्या घासानं दिवसभरात काही दिसलं नाही, तरी आतड्याला इजा व्हायची ती होतेच.

म्हणून गिरणी. गव्हाचं दळण झालं की दगडांच्या मध्ये, पीठ पडायच्या वाटेत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी नळीत पीठ अडकून राहतं. ‘सकाळी पहिलं दळण आमचं घ्या’ म्हणून भागत नाही, कारण रात्रीचा शेवटचा गहू आत बसलेलाच असतो. गावच्या गिरणीत दोन-तीन चक्क्या असतील तर फक्त ज्वारी-बाजरीची चक्की कोणती ते विचारा, आणि तिच्यावर खरंच कधी गहू टाकत नाहीत ना, हे उभं राहून दोन दिवस बघा. तशी चक्की नसेल तर आधी घरातल्या इतरांसाठी दोन किलो ज्वारी दळून घ्या, ती वेगळ्या डब्यात काढा आणि मगच मुलीचं दळण टाका. यानं मिसळ कमी होते, संपत नाही. तात्पुरता उपाय म्हणूनच धरा.

खात्रीचे मार्ग दोन. एक, घरगुती चक्की घ्यायची आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही टाकायचा नाही, ‘पाहुणे आलेत म्हणून एवढ्याच वेळी’ असंसुद्धा नाही. एकदा टाकला की ती चक्की गेली. दुसरा मार्ग जात्याचा. माळ्यावर जातं असेल तर ते उतरवा, टाकी लावून घ्या म्हणजे दगडाचा जुना थर निघून जाईल, मग दोन-तीन वेळा तांदूळ भरडून तो भरडा जनावरांना घाला. सात माणसांचं पीठ जात्यावर होणार नाही, पण एका मुलीचं आठवड्याचं दीड-दोन किलो होतं. मिक्सरवर पीठ जाडसर निघतं, धिरड्यांना चालतं, भाकरीला नाही.

दळायला देण्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडा. मळणी यंत्र, पोती, आडतीवरचं माप, सगळीकडे गहू येऊन गेलेला असतो. टपोऱ्या पांढऱ्या शाळूत तपकिरी लांबट दाणा लगेच उठून दिसतो, म्हणून धान्य आणून घरी दळणं हे तयार पिठापेक्षा केव्हाही बरं. पिठात गहू मिसळला तर देवालाही दिसणार नाही. निवडून झालं की दोनदा धुवा, म्हणजे धूळ निघेल, आणि कडक उन्हात वाळवा. ओलसर दळली तर पीठ कोंदट होतं आणि भाकरी कडू लागते. किराणा दुकानातलं सुटं बेसन, सुटं राजगिऱ्याचं पीठ याच कारणाने नको. हरभरा डाळ आणून घरीच दळा. भगरीचंही तेच: अख्खी, पाकीटबंद आणा, निवडून धुवा आणि लागेल तेवढीच दळा. सुटं, शिळं भगरीचं पीठ तर कुणीच खाऊ नये, उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत.

स्वयंपाकघरात सगळी भांडी नवी घ्यायची गरज नाही. स्टीलची परात, पातेली, कुकर नीट घासले की झालं. वेगळ्या ठेवायच्या त्या पीठ धरून बसणाऱ्या वस्तू: चाळणी, कारण तिच्या जाळीतून गहू कधीच पूर्ण निघत नाही, लाकडी काटवट, पोळपाट आणि लाटणं, भाकरीची दुरडी आणि तिच्यातलं फडकं, पिठाचा डबा आणि त्यातली वाटी. तवा शक्यतो वेगळा, नसेल तर घासून, कोरडा तापवून आधी तिची भाकरी आणि नंतर पोळ्या. हा क्रम उलटा करू नका. कणीक मळलेले हात नुसते पुसून भाकरी थापली जाते, ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. आणि लहान लेकरांना खेळायला कणकेचा गोळा देतात, तो बंद, कारण तो हात मग तोंडात जातोच. धाकट्यालाही नको, तो बहिणीच्या ताटात हात घालतो.

मग घराचा गहू बंद करायचा का? घर तिघा-चौघांचं असतं तर मी सरळ बंद करा म्हणालो असतो, कष्ट निम्मे होतात. सात माणसांच्या घरात, रेशनचा गहू येतो आणि वडीलधाऱ्यांना पोळी लागते, तिथे सक्ती केली तर महिन्याभरात चोरून पोळ्या होतात आणि मग कुणाचंच लक्ष राहत नाही. माझा कौल मधला आहे. घरात सुटं उडणारं गव्हाचं पीठ कमी करा: पोळ्या दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, तिचा स्वयंपाक झाकून झाल्यावर. पीठ चाळायचं ते ओसरीवर. बाकी वरण, भात, माळवं, आमटी, बेसन सगळं एकच आणि सगळ्यांसाठी ग्लूटेनमुक्त. रात्रीचं जेवण सगळ्या घराचं भाकरीचं. तिचं ताट वेगळं दिसलं नाही की ती भावाच्या ताटातला घास मागत नाही. वेगळा स्वयंपाक मांडला की आई दमते आणि लेकरू हिरमुसतं.

लपलेला गहू मात्र शोधावा लागतो. पहिला हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, तो मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात किंवा डिंकात कालवलेला असतो, आणि रोजच्या वरणात जातो. लेबलवर गहू किंवा मैदा नाही असाच घ्या, नाहीतर हिंगाशिवाय लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. दुसरा येसर. आपल्या येसराच्या आमटीचं पीठ भाजलेल्या धान्यांचं असतं, त्यात गहू असतोच. गव्हाऐवजी तेवढेच तांदूळ आणि थोडी बाजरी भाजून घाला, आमटीला दाटपणा तसाच येतो, चव जरा खमंग होते. मेतकुटात आणि थालिपिठाच्या भाजणीतही गहू असतो, घरी केलं तर तो वगळायला अडचण नाही. काळा मसाला घरचा असेल आणि त्यातला हिंग असाच बघून घातलेला असेल तर चिंता नको. तिसरं तेल: कुरडया तळलेल्या तेलात उडदाचा पापड तळला की तो पापडही गेला. चौथा ‘माल्ट’ हा शब्द. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत आणि मक्याच्या कुरकुरीत पोह्यांत माल्ट म्हणजे जव असतो. घरी मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व चालतं, विकतचं नाचणी माल्ट लेबल वाचूनच. पाकिटावर घटकांच्या यादीजवळ गव्हाचा उल्लेख करणं कंपन्यांना बंधनकारक आहे, तो आधी वाचायची सवय लावा. औषधाची नवी गोळी आली तर तिच्यात गव्हाचा स्टार्च नाही ना, एवढं दुकानदाराला विचारा.

भाकरी तुम्हाला शिकवायला नको. पण डब्यात भाकरी दुपारपर्यंत वाळते आणि मुलं ती परत आणतात, त्यासाठी उकडीची पोळी करा. वाटीभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळून उकळू द्या. मग वाटीभर ज्वारीचं पीठ एकदम टाका, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, गॅस बंद करून आठ-दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट असतानाच ओल्या हाताने चार-पाच मिनिटं चांगलं मळा. लिंबाएवढ्या गोळ्या करून कोरड्या पिठीवर लाटा, तवा चांगला तापवून दोन्ही बाजूंनी भाजा. गव्हाला चिवटपणा देतं ते ग्लूटेन. ज्वारीत ते नाही, म्हणून उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगवून त्याच्याकडून ते काम करून घ्यायचं. कडा फाटल्या तर पाणी कमी पडलं किंवा उकड गार झाली. पोळपाटाला चिकटली तर पाणी नीट उकळायच्या आत पीठ टाकलं गेलं. मंद आचेवर भाजली की पापड होतो. भाजल्यावर फडक्यात गुंडाळा, वाफ गेली की डब्यात भरा. गरम भरली तर झाकणाचं पाणी पडून खालची चिकट होते. पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं नको, विरी जाते आणि मग कितीही मळा, पोळी तुटतेच.

धपाटे बंद करू नका, ते तर डब्याचे राजे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी घरचं बेसन, अर्धी वाटी आंबट दही, एक लहान उकडलेला बटाटा किसून, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, ओवा, तीळ, कोथिंबीर, मीठ. एरवी आपण मूठभर कणीक घालतो ती धपाटा धरून ठेवायला, ते काम इथे बटाटा करतो. दही घालून मग लागेल तसं गरम पाणी, ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा. बटाटा जास्त झाला तर धपाटा लुसलुशीत होण्याऐवजी पिचपिचीत होतो, म्हणून लहानच. बटाट्याऐवजी चमचाभर इसबगोल पाच मिनिटं पाण्यात भिजवून घातला तरी चालतो. बाकीचे दिवस चुरमुऱ्यांचा सुशीला, इडली-चटणी, ज्वारीच्या कण्यांचं उपीट, मूगडाळीची धिरडी, पोहे असे फिरवा. मधल्या सुट्टीला ज्वारीच्या लाह्या आणि शेंगदाण्याचा लाडू.

एक धोका असा की गहू सुटला की मुलं भात आणि साबुदाण्यावर येतात. तुमच्या मुलीचं रक्त कमी आहे, हे तिला परवडणार नाही. 100 ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. नाचणीत कॅल्शियम 350 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून आठवड्यातून तीन दिवस तरी बाजरी, रोज एक वेळ नाचणी किंवा दूध-दही, आणि जेवणात लिंबू पिळायचं म्हणजे लोह अंगी लागतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवा, नुसत्या आहारावर सोडू नका. सुरुवातीचे काही आठवडे काही मुलांना दूधही पचत नाही, कारण दूध पचवणारा रस आतड्याच्या ज्या थरात तयार होतो तोच झिजलेला असतो. दुधाने पोट फुगत असेल तर तोवर दही आणि ताक द्या, आतडं भरून आलं की दूध पुन्हा सोसतं.

शाळेत वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी लिहून द्या: गहू, बिस्किट, ब्रेड, शेवया चालत नाहीत, दुसऱ्याच्या डब्यातलं नको. वर्गातल्या वाढदिवसांसाठी शिक्षकांकडे राजगिऱ्याच्या लाडवांची छोटी डबी ठेवा. पोषण आहारातली खिचडी घटकांनी ठीक असली, तरी हिंग, मसाला आणि कोणत्या चमच्याने वाढतात हे तुम्ही बघितल्याशिवाय नको.

सणवारात आपल्याला निम्मं काम आयतं मिळतं. भोगीची बाजरीची भाकरी, संक्रांतीचे तिळाचे लाडू, येळवशीची म्हणजे वेळ अमावास्येची आंबील, भज्जी आणि उंडे, सगळं तिचंच. फक्त येळवशीला गव्हाची खीर असते, तिचा डाव आंबिलात जाऊ देऊ नका. पोळ्याला आणि होळीला पुरण सगळ्यांचं एकच शिजवा, तिचं आधी काढा, आणि वर सांगितलेल्या उकडीत ज्वारीऐवजी निम्मं तांदळाचं पीठ घेऊन पोळी करा. पुरण घट्ट हवं, सैल असलं तर ही पारी फाटते, आणि लाटायच्या ऐवजी केळीच्या पानावर तेलाच्या हाताने थापलेली बरी. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, तिला तीर्थ आणि केळं द्या, देव रागावत नाही. लग्नाच्या पंगतीला घरून जेवूनच न्या. बुंदी बेसनाची असली तरी ती पुऱ्यांच्याच कढईत तळलेली असते.

चुकून काही खाल्लंच तर त्यावर उतारा म्हणून औषध नाही. पाणी, ताक, मऊ भात द्या, तारीख आणि काय खाल्लं ते वहीत लिहा. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर मात्र दवाखाना. घरात दुसरं काम म्हणजे धाकट्याची आणि तुम्हा दोघांची टीटीजी तपासणी, कारण सख्ख्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि धाकट्याचा गहू तपासणीआधी बंद करू नका.

मुलीची टीटीजी डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा सहा महिन्यांनी, पुन्हा होईल. आकडा पहिल्यापेक्षा उतरलेला दिसायला हवा, पूर्ण खाली यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. वजन-उंची महिन्याला एकदा त्याच वहीत लिहा. आकडा उतरला नाही तर लगेच नव्या तपासण्यांच्या मागे लागू नका. आधी दळण कुठल्या चक्कीवर गेलं ते, मग हिंगाची डबी, मग चाळणी, आणि चौथ्यांदा आजोबा कौतुकाने खिशातून काय काढून देतात ते बघा.